डबा घेऊन निघणारे नाना: एकवीस वर्षांची नोकरी गेल्यानंतरचं एक प्रकरण

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांत बावीस वर्षं काढली. 'इथे सही करा' म्हणणाऱ्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मीही बसलोय, हे आधीच सांगितलेलं बरं. आता रविवारी सकाळी नोकरी गेलेल्या माणसांसोबत बसतो आणि कागद बघतो. हे त्यांतल्याच एकाचं प्रकरण. त्यांना इथे नाना म्हणतो. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, ते आणि वहिनी दोघांच्या संमतीने लिहितो आहे.

पार्श्वभूमी

नानांचा जन्म १९७२ चा, मूळ गाव साताऱ्याकडचं. वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा नाना दहा वर्षांचे होते. वडील काही महिने रोज सकाळी गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, हे त्यांना आठवतं. मग बिऱ्हाड गावी गेलं.

नानांनी आयटीआय केलं, शिकाऊ उमेदवारी केली आणि १६ मार्च १९९८ ला भोसरीच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात लागले. मशिनवर सुरुवात, पुढे तपासणी विभाग, शेवटी क्वालिटी सुपरवायझर. काम डिझेल इंजिनाच्या इंधन पंपाच्या सुट्या भागांचं. पगार ४६,००० रुपये, त्यातलं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २२,०००. मोशीला फ्लॅट, हप्ता १४,२००. मुलगी इंजिनीअरिंगला, मुलगा दहावीत, आई घरात. वहिनी एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार फिरून लोकांची रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या. सकाळ-संध्याकाळ स्कूटीवरून दुकानं आणि छोटी वर्कशॉप फिरायची, महिन्याला सात-आठ हजार कमिशन.

२०१९ हे वाहन उद्योगाला वाईट वर्ष होतं. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली. वर १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष, लागू होणार होते, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने तेव्हापासून डिझेल गाड्या बंद करणार हे एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं. नानांच्या लाइनला दोन्हीकडून मार बसला. आधी तिसरी पाळी गेली, मग ओव्हरटाइम, मग आठवड्यातला एक दिवस.

सहीचा दिवस

शुक्रवार, ६ सप्टेंबर २०१९. घरी गौरीपूजन होतं, पुरणाचा बेत होता. अकरा वाजता नऊ जणांना एकेक करून आत बोलावलं. नानांपुढे राजीनाम्याचा छापील कागद ठेवला. तीन महिन्यांचा पगार सानुग्रह, म्हणजे १,३८,०००, एका महिन्याची नोटीस रक्कम ४६,००० आणि ग्रॅच्युइटी. 'आज सही केली तर चेक सोमवारी. नाही केली तर पुढचं आम्ही सांगू शकत नाही.'

नानांनी वीस मिनिटांत सही केली. 'एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केल्या, प्रत्येक आकडा तपासून. आणि स्वतःचा कागद वाचलासुद्धा नाही,' असं ते मला नंतर म्हणाले.

वाचला असता तर काय दिसलं असतं? दोन गोष्टी.

पहिली ग्रॅच्युइटीची. हिशेब सरळ असतो: शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्त झालेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात. नानांची सेवा ६ सप्टेंबरला २१ वर्षं आणि सहा महिन्यांना दहा दिवस कमी होती. त्यामुळे २१ वर्षांचे २,६६,५३८ रुपये मिळाले. नोटिशीचा महिना पैशात न घेता कामावर राहून काढला असता तर वर्षं २२ धरली गेली असती आणि १२,६९२ रुपये वाढले असते. रक्कम मोठी नाही. पण तारीख मुद्दाम निवडली होती का, असं त्यांनी मला विचारलं. ठाऊक नाही. मीही एकेकाळी असल्या तारखा काढून दिल्या आहेत, एवढं मात्र सांगितलं.

दुसरी गोष्ट मोठी. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला कमी करायचं तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई होती. नानांच्या बाबतीत ती पावणेपाच लाखांच्या पुढे गेली असती. दहा हजारांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक कामगाराच्या व्याख्येत बसत नव्हता, पण पद काय लिहिलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय करतो हे बघितलं जातं, आणि नाना दिवसाचा बराच वेळ स्वतः गेज हातात धरून माल मोजत. निदान भांडायला जागा होती. स्वखुशीच्या राजीनाम्याने ती जवळपास बुजली.

सतरा दिवस

गौरी जेवायच्या दिवशी घरात काय सांगायचं? म्हणून त्या दिवशी राहिलं. मग अनंत चतुर्दशी होऊ दे म्हणाले. मग पितृपक्ष लागला. नाना रोज सकाळी युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, ठरल्या वेळी बाईक काढायचे आणि आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर जाऊन बसायचे. डबा तिथेच खायचे. साडेचारला परत. वडिलांचं फाटकापर्यंत जाणं त्यांना तेव्हा आठवलं नाही. पुढे महिनाभराने आठवलं, आणि ते सांगतानाच त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

वहिनींना सतराव्या दिवशी सांगितलं. त्यांना नवव्या दिवसापासून माहीत होतं. डबा रिकामा यायचा, पण धुवायला टाकलेल्या शर्टाला कूलंटचा, म्हणजे मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास येईना. 'एकवीस वर्षं तो वास जावा म्हणून घासलं. आता नाही म्हटल्यावर पोटात गोळा आला.' तुम्ही का विचारलं नाही, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, 'त्यांनी सांगावं असं वाटत होतं.'

या सतरा दिवसांची किंमत पैशात थोडी, पण चुकीच्या ठिकाणी लागली. कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या दिवशीच संपला होता, हे नानांनी कुणाशी बोलणंच टाळल्यामुळे तीन आठवड्यांनी कळलं. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात ठरलेली होती. ती खिशातून झाली.

हिशेबाची वही

माझी त्यांची गाठ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पडली. वहिनी सोबत आल्या होत्या, आणि पिग्मीची वहीही सोबत होती. तिच्याच मागच्या पानावर आम्ही आकडे मांडले. घरखर्च आणि हप्ता धरून महिन्याला ३४,००० लागत. वहिनींचे आठ. खड्डा २६,००० चा. हातात आलेले साडेचार लाख. मुलीची वर्षाची फी बाजूला काढली तर १४ महिने.

नाना त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं खचले. उलट म्हणाले, 'म्हणजे पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत.' तोवर त्यांच्या डोक्यात 'आता संपलं' एवढंच होतं. त्याला पहिल्यांदा माप मिळालं होतं.

त्याच बैठकीत एक चांगला निर्णय झाला: पीएफला हात लावायचा नाही. तेव्हाच्या नियमाने एक महिना बेकारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेले काढता येत होते. बरोबरच्या नऊपैकी सहा जणांनी काढले. नानांनी अर्ज भरून ठेवला होता, तो वहिनींनी घरी जाऊन फाडला.

आणि एक वाईट सल्ला मी दिला. 'तुमचा बायोडेटा नीट करू, चाकणला पाठवू.'

कोणकोणते रस्ते होते

पुढचे तीन महिने त्यात गेले. सत्तेचाळीस वर्षांचा क्वालिटी सुपरवायझर, मंदीच्या वर्षात. चाकण, रांजणगाव, तळेगाव मिळून ३८ अर्ज, चार मुलाखती. एका ठिकाणी नानांनी शिकवलेलाच पोरगा समोर बसला होता. त्याने पाय धरले आणि जागा नाही म्हणाला. एका ठिकाणी कंत्राटदाराच्या रोलवर १८,००० देत होते. नानांनी नाही म्हटलं. मी तेव्हा त्यांच्या बाजूने होतो. आज वाटतं, तीन महिन्यांसाठी धरायला हवी होती.

गावी जायचा विचार झाला. सव्वा एकर, तीही भावाच्या नावावर. लेबर कोर्टात जायचा विचार झाला. वकिलाने प्रामाणिकपणे सांगितलं की राजीनामा दबावाखाली दिला हे सिद्ध करायला वर्षं जातील. मेहुण्यांनी पाण्याच्या जारच्या प्लँटमध्ये चार लाख घालायला सांगितले. वहिनींच्या सख्ख्या भावाचा प्रस्ताव, आणि नकार देणार वहिनी. शेवटी 'नातं राहावं म्हणून' ६०,००० दिले. ते अजून आलेले नाहीत. नातंही म्हणावं तसं राहिलेलं नाही.

नोव्हेंबरात नाना बसून गेले. पहाटे तीनला जाग, दिवसभर लोळणं, दाढी आठवड्याने. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मरिएन्थाल नावाचं गाव आहे. तिथली कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा संशोधकांनी गावातल्या रस्त्यावर लोकांची चाल मोजली होती. वेळच वेळ हाताशी असून बेकार पुरुष हळू चालत, मधेच थांबत. बायकांना घरकाम होतं, त्या भराभर जात. वाचनालयातून पुस्तकं नेणं वाढण्याऐवजी कमी झालं होतं. हे मी वाचलेलं होतं, आणि तरी वहिनींनी 'हे सोसायटीच्या गेटपर्यंत जायला दहा मिनिटं लावतात' म्हटलं तेव्हा माझ्या ध्यानात यायला आठवडा लागला. मग महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. झोपेची आणि उदासीची औषधं सुरू झाली, पाच महिने चालली. नाना हे कुणापासून लपवत नाहीत. सहीचं मात्र अजून लपवतात. (आता मानसिक मदतीसाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तेव्हा नव्हता.)

मायक्रोमीटर

डिसेंबरात एका खासगी आयटीआयचे प्राचार्य माझ्याकडे दुसऱ्याच कामाला आले होते. त्यांचा निदेशक सोडून गेला होता आणि मापनाची प्रात्यक्षिकं अडली होती. तासिका तत्त्वावर माणूस हवा होता. महिन्याचे साडेनऊ हजारांच्या आसपास होतील म्हणाले. निदेशकाचं प्रशिक्षण नसल्यामुळे कायम जागेचा प्रश्नच नव्हता.

नाना म्हणाले, 'शेहेचाळीसवरून साडेनऊ?' वहिनी म्हणाल्या, 'शून्यावरून साडेनऊ.'

६ जानेवारी २०२० ला ते पहिल्यांदा वर्गात गेले. पहिल्याच तासाला एक मुलगा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, शिकंज्यासारखा आवळत होता. नानांनी घरून स्वतःचा आणला होता, १९९९ मध्ये पहिल्या बोनसमधून घेतलेला मिटुटोयो. त्याचा रॅचेट, म्हणजे माप टेकलं की टिकटिकणारी मूठ, कानाजवळ धरून ऐकवला. तीन टिकटिक, बस. मग मुलांना आपल्याच डोक्याचा केस मोजायला लावला. कुणाचा ०.०६ मिलिमीटर, कुणाचा ०.०८. वर्ग ओरडायला लागला. संध्याकाळी नानांनी मला फोन केला आणि वीस मिनिटं केसांबद्दल बोलत होते. सप्टेंबरनंतर त्यांनी स्वतःहून केलेला तो पहिला फोन.

इथे मला माझी चूक दिसली. तीन महिने आम्ही नानांची 'पोस्ट' शोधत होतो, आणि ती त्या वर्षी बाजारात नव्हतीच. त्यांच्याकडे होतं ते कसब, आणि ते कुणाला हवंय हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत माल मोजायला यंत्रं आणि पोरं दोन्ही होती. पण भोसरीतल्या पाच-सहा मशिनच्या शेडमध्ये मालकच ऑपरेटर, मालकच तपासनीस. तिथे नानांसारखा माणूस पगारावर परवडत नव्हता, आणि त्याची गरज सगळ्यांत जास्त तिथेच होती.

हे मला सुचलं नाही. वहिनींना सुचलं, तेही टाळेबंदीनंतर.

२०२० चा जून

मार्चअखेर सगळं बंद झालं, आयटीआय बंद, तासिका बंद म्हणून मानधन बंद. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. नानांनी तीन हप्ते थांबवले. व्याज चढत राहतं हे ठाऊक होतं, पण हातातली रोकड जपणं तेव्हा जास्त गरजेचं होतं. वहीतल्या १४ महिन्यांपैकी सहा संपले होते.

जूनमध्ये वहिनी पुन्हा पिग्मीला फिरू लागल्या. एका शेडचा मालक पैसे देईना. उत्तर प्रदेशची पोरं गावी गेलेली, तो एकटाच मशिनवर, आणि वर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची दोन लॉट परत आलेली. वहिनी म्हणाल्या, 'आमच्या ह्यांना दाखवता का?'

घरी येऊन सांगितल्यावर नाना चिडले. बायकोच्या पिग्मीच्या ओळखीने काम मागायचं? दोन दिवस गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनी परत आलेला एक जॉब पिशवीत घालून घरीच आणला आणि ओट्यावर ठेवला. नानांनी तो चहा घेता घेता उचलला, बोट फिरवलं, आणि 'फिनिश तर चांगलं आहे, मग परत का आला' म्हणाले. संध्याकाळी ते शेडमध्ये होते.

मालकाच्या रजिस्टरमध्ये सगळे बोअर (जॉबमधली गोल भोकं) मापात होते. नानांनी पाळीप्रमाणे वेगळे केले, तेव्हा दिसलं की परत आलेला बहुतेक माल दुपारचा. पत्र्याची शेड, मशिनवरून उतरलेला गरम जॉब, आणि मालक तो तिथल्या तिथे मोजत होता. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतं. ८० मिलिमीटरच्या बोअरला १५ अंशांचा फरक पडला की जवळपास २८ मायक्रॉन होतात. गिऱ्हाईकाच्या थंड तपासणी खोलीत तोच बोअर आकसून लहान भरायचा. नानांनी सांगितलं, जॉब धुऊन, थंड होऊ दे, मास्टर रिंगही (जिच्याशी माप जुळवतात ती कडी) त्याच टेबलावर ठेव, मग मोज. पुढची लॉट पास झाली.

किती द्यायचे, असं मालकाने विचारलं. 'द्या काहीतरी,' नाना म्हणाले. पाचशे रुपये आणि चहा. त्या रात्री वहिनींनी त्यांना समोर बसवून दर ठरवला: आठवड्यातून दोन फेऱ्या, महिन्याला ४,५०० रुपये, रोख नाही, खात्यात. पिग्मीवाल्या बाईला कोणाकडे किती शिल्लक असते हे माहीत असतं.

आज कुठे आहे

२०२२ पर्यंत पाच शेड झाल्या. आयटीआयचे तास पुन्हा सुरू झाले. सगळं मिळून ३१-३२ हजार, म्हणजे जुन्या पगाराच्या दोनतृतीयांश. फ्लॅट राहिला, मुलीचं इंजिनीअरिंग पूर्ण झालं, पीएफ शाबूत आहे. मुलाची क्लासची फी मात्र भरता आली नाही आणि त्याला हवी ती शाखा मिळाली नाही. तो अजून ते बोलून दाखवतो. बरोबरच्या नऊ जणांपैकी दोघे रिक्षा चालवतात, तिघे कंत्राटावर, एक गावी. एकाने त्याच हिवाळ्यात जीव दिला. नाना त्याच्या घरी अजून दिवाळीला जातात.

वेगळं काय करता आलं असतं

सहीपूर्वी 'उद्या देतो' एवढं म्हणायला हवं होतं. माझ्या अनुभवात एका दिवसाने देकार मागे घेतला जात नाही. टेबलापलीकडच्यालाही सही हवीच असते, तोही घाईत असतो. त्या एका दिवसात तारीख, भरपाई आणि विमा या तिन्हींवर कुणाशी तरी बोलता आलं असतं.

१८,००० चा नकार हा माझ्या मते मानाचा निर्णय होता, पैशाचा नव्हता. तो घ्यायचा हक्क नानांना होता, पण तो तसा आहे हे मी त्यांना स्पष्ट म्हणायला हवं होतं. वहिनींनी मला हेच ऐकवलं: 'तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलात.'

आणि अर्जांचे तीन महिने. आता माझ्याकडे कुणी आलं तर बायोडेटा दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत मी दोन गोष्टी विचारतो: घरी सांगितलं का, आणि गेल्या वर्षभरात कामावर लोक तुम्हाला नेमकं काय विचारायला येत होते. पहिल्याला बहुतेक जण खाली बघतात. दुसऱ्याला सुरुवातीला 'काही विशेष नाही' म्हणतात, आणि मग अर्धा तास थांबत नाहीत.

उरलेला प्रश्न

नानांना २०३० मध्ये ५८ पूर्ण होतील आणि पेन्शन सुरू होईल, ती चार आकडीच असेल. डोळे आत्ताच कुरकुरतात. व्हर्नियरच्या रेघा संध्याकाळी जुळत नाहीत. दोन शेडमध्ये त्यांच्या आयटीआयच्या बॅचमधली एक मुलगी आता रीडिंग घेते आणि नाना रजिस्टरवर सही करतात. मालकाचं म्हणणं, पोरीला तीन हजार पुरे. नाना म्हणतात, माप तेच तर पैसेही तेच. मागच्या रविवारी ते दर ठरवायला माझ्याकडे आले होते, वहिनी आणि ती वही सोबत घेऊन. ती रीडिंग घेणारी मुलगीही आली होती. अजून ठरलेलं नाही.